पावसाळा न पाहिलेला सेनापती

हा संगणकावरचा युद्धखेळ; त्याचं नाव ‘एम्पायर : टोटल वॉर’. जन्म मार्च २००९चा, इंग्लंडमधला. पण त्याचं घड्याळ सुरू होतं ते १७०० साली, आणि १७९९पर्यंतचं जग तो आपल्यापुढे पसरून ठेवतो. लढाई समोरासमोर, राज्यकारभार एकेका चालीनं. खेळायला म्हणून त्यानं जी मोजकी राज्यं निवडली, त्यांत ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या पंगतीला मराठे बसवले. आणि मराठ्यांची राजधानी म्हणून नकाशावर नाव लिहिलं, सातारा.

साताऱ्या-सांगलीच्या पोरांना तो इथंच जिंकतो. पॅरिस, व्हिएन्ना दाखवणाऱ्या नकाशात आपलं गाव दिसलं की कुणीही सरसावून बसणारच. पाठ्यपुस्तकात लढाईचा निकाल आधी लागलेला असतो; हा मात्र निर्णय आपल्यावर सोपवतो. पैसा तोफांवर घालायचा की रस्त्यांवर? मोगलांशी आत्ता भिडायचं की आधी शेजारी जोडायचा? स्वभावानं तो पक्का हिशेबी आहे. फौज पोसायला खजिना लागतो आणि कर वाढवला की रयत बिथरते, हे तो पहिल्या दहा-बारा चालींतच शिकवतो. तलवारीच्या गोष्टींवर वाढलेल्या मुलाला राज्याचा जमाखर्च दाखवणारा असा सोबती मोलाचा आहे.

पण त्याच्या वर्षात दोनच चाली आहेत, उन्हाळा आणि हिवाळा. पावसाळा त्याला माहीतच नाही.

खऱ्या १७०० सालात काय चाललं होतं? डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याखाली, करंज्याला तळ देऊन बसला. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. बाहेर मराठ्यांच्या तुकड्या मोगलांचं धान्य आणि वैरण तोडत होत्या. २ मार्चला सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं, तरी साताऱ्याचा किल्ला लढत राहिला. १३ एप्रिलला मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. त्यातला एक उलटला आणि त्यांचीच सुमारे दोन हजार माणसं गाडली गेली. २१ एप्रिलला किल्ला मोगलांकडे गेला, त्याचं नाव आझमतारा झालं. साडेचार महिने! खेळाच्या हिशेबात हे सगळं एका चालीएवढंही भरत नाही.

पुढे जूनमध्ये परळी, म्हणजे सज्जनगड पडला, आणि मग पाऊस आला. कृष्णा फुगली, काळ्या मातीत तोफा रुतल्या, जनावरं चाऱ्यावाचून मेली. बादशाही फौज रडतखडत भूषणगडाला पोचली आणि तिथून माण नदीच्या काठी खवासपूरला. ही माण साताऱ्याच्या माण तालुक्यात उगम पावून सांगलीच्या आटपाडीवरून पुढे जाते, एरवी कोरडी. ऑक्टोबरच्या एका रात्री तिला अचानक पूर आला. छावणी बुडाली, आणि धावपळीत बादशहाचा गुडघा कायमचा अधू झाला.

राजधानी गेली की या खेळात आपलं कंबरडं मोडतं. मराठ्यांचं मोडलं नाही, कारण त्यांचा हिशेब वेगळा होता. किल्ला शत्रूचे महिने खातो. पावसाच्या तोंडावर, कधी रोख रक्कम घेऊन, तो सोडावा आणि शत्रू दमला की परत घ्यावा. साताराही काही वर्षांतच परत आला, आणि १७०८च्या जानेवारीत तिथंच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.

म्हणून या परदेशी सोबत्याशी मुलांनी जरूर खेळावं. त्यानं सातारा जगाच्या नकाशावर मानानं मांडला, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. पण मृगापासून दसऱ्यापर्यंतचे महिने ज्यात मोजले जातील, वैरण आणि नदीचा उतार ज्यात तोफांइतकाच निर्णायक ठरेल, असा खेळ इथल्याच कुणीतरी रचायला हवा. त्याला लागणारी माहिती बखरींत आहे, मोगलांच्या अखबारांत आहे, आणि माणकाठच्या शेतकऱ्याला तर ती तोंडपाठ आहे.