गोंदियाचं बंदर

"गोंदिया जिल्ह्याचं बंदर कोणतं?" असं मी एकदा चौथीच्या वर्गात विचारलं, तर पोरं खो खो हसली. एकजण म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडे इटियाडोहचं पाणी हाये. समुद्र कोठून आनता जी?" त्याचं खरंच होतं. गाढवी नदीवरच्या या धरणात डोंगा चालेल, जहाज नाही चालायचं. पण मुलांनो, एक बंदर असं आहे, जे आपल्याकडच्या दगडासाठी बांधलं गेलं. ते आहे आंध्र प्रदेशात, विशाखापट्टणमला. गोंदियाहून रेल्वेनं सुमारे ७०० किलोमीटर.

दगड म्हणजे मँगनीज. काळाकुट्ट आणि भारी जड, हातात घेतला की हात काळा! पोलाद तयार करताना तो लागतोच. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं त्याच्या खाणी आहेत, शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात भरवेलीला आहे. इंग्रजांच्या काळात आपल्या देशात पोलादाचे कारखाने जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे बहुतेक माल परदेशी जायचा. मुंबई लांब, कलकत्ता त्याहून लांब. मग बंगाल नागपूर रेल्वे या कंपनीनं रायपूरहून विजयानगरमकडे, डोंगर-जंगलातून नवी वाट काढली. १९३१ साली ती पूर्ण झाली.

वाट झाली, पण पलीकडे बंदर कुठं होतं? विशाखापट्टणम तेव्हा लहानसं गाव. जहाजं लांब समुद्रात उभी राहायची आणि माल होड्यांनी न्यावा लागायचा. तेव्हा खाडीतला गाळ उपसला. लाटा अडवायला दोन जुनी जहाजं दगड भरून मुद्दाम बुडवली! (हे सांगितल्यावर वर्गात कुणी दुसरं काही ऐकेना.) १९३३ साली बंदर सुरू झालं आणि आपल्याकडचा मँगनीज तिथून जहाजात चढू लागला. भूगोलाच्या पुस्तकात बंदराचं नाव नि राज्य पाठ करायला असतं. माल कुठून येतो, तो कोण उचलतो, हे नसतं. मला ते अर्धवट वाटतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा तरुणपणी गोंदियाला हमाल होते. बालाघाटकडून येणारी गाडी छोट्या रुळांची, दोन रुळांत अंतर अडीच फूट. रायपूरकडे जाणारी मोठी, तिचं अंतर साडेपाच फूट. छोटी गाडी मोठ्या रुळावर कशी जाणार? म्हणून गोंदियाला सगळा माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायचा. आजोबा सांगत होते, "टोपलं डोक्यावर घेतलं का मान आत जाये. पावसात तं चिखलच वाहे अंगावरून." पुढं बालाघाटचे रूळही रुंद झाले. माल उतरवायची गरज संपली, त्याबरोबर ते कामही संपलं. रूळ रुंद झाल्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. त्या हमालांचं पुढं काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

तिकडे बंदरही बदलत गेलं. १९६०च्या दशकात बस्तरमधल्या बैलाडिलाचं लोखंडी दगड नेण्यासाठी वेगळी लाईन झाली. तो दगड जपानला जायचा. १९७६ साली बाहेरचं खोल बंदर झालं, मोठाली जहाजं येऊ लागली. आता तिथं अख्खा डबा यंत्रानं उलटा करून रिकामा करतात.

आणि सगळ्यात गंमत पुढेच आहे. आता आपल्या देशात पोलाद इतकं बनतं, की इथला मँगनीज पुरत नाही. तो इथल्याच कारखान्यांत जातो. वर दक्षिण आफ्रिका, गॅबन अशा देशांतून जहाजानं आणावा लागतो. त्यातला बराच विशाखापट्टणमला उतरतो आणि रेल्वेनं आत, रायपूरकडच्या कारखान्यांत येतो. म्हणजे जी वाट दगड समुद्राकडे न्यायला काढली, तिच्यावरून तसाच दगड समुद्राकडून इकडे येतो!

हे मी आजोबांना घरी जाऊन सांगितलं. डबा उलटा करणाऱ्या यंत्राचं ऐकून ते म्हणाले, "उलटा? अन् खाली मानूस?" खाली माणूस नसतो, वरच्या खोलीत बसून एकजण बटण दाबतो, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग नात म्हणाली, "आबाजी, तुमी तं समुद्र पायला असन?"

"नाही वो," ते म्हणाले. "माहा समुद्र गोंदियालेच सरे."

मी नकाशा सोबत नेला होता. तो आम्ही खाटेवर पसरला. रायपूर, टिटलागड, रायगडा, विजयानगरम. नातीनं बोट फिरवत त्यांना एकेक स्टेशन वाचून दाखवलं.