घासाची तजवीज

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली ज्या छोट्याशा प्रबंधात कंपवाताचे पहिले व्यवस्थित वर्णन केले, तो अवघ्या सहा रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेला होता, आणि त्यांपैकी काही तर त्याने केवळ रस्त्यात पाहिलेले होते. तरीही काट्याने उचलू म्हटलेला घास ताटातच कसा राहतो, तोंडात गेलेले अन्न चावून होईतो आत ठेवणे आणि मग ते गिळणे कसे दुर्घट होते, कोठा कसा मंदावतो, हे त्याच्या दृष्टीतून सुटले नाही. कंपवात म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात उभा राहतो. मला मात्र या विकारासह दिवस काढताना सर्वांत अधिक विचार करावा लागला तो जेवणाचा. आणि काय खावे यापेक्षा केव्हा खावे व किती सावकाश खावे, हाच त्यातला खरा प्रश्न आहे, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

हाताला कंप सुटण्यापूर्वी कित्येक वर्षे माझे घ्राणेंद्रिय मंद झाले होते. हिंग-मोहरीची फोडणी स्वयंपाकघरात चरचरली की तिची वर्दी पूर्वी ओसरीपर्यंत पोचत असे, ती येईनाशी झाली, आणि घरात सर्वांनी त्याचे खापर जुनाट सर्दीवर फोडले. गंधज्ञान या विकारात पुष्कळदा फार अगोदर क्षीण होते, हे पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितले. वास गेला की चव अर्धी उरते, चव उणावली की भूक मावळते, आणि वजन नकळत उतरू लागते. त्यातच अहोरात्र चाललेला कंप शरीराची शक्ती खर्च करीत असतो तो निराळाच. तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने, नाकावाचूनही जिभेला जे कळते, त्यावर भर दिला: आमसुलाचे दाट सार, चिंच-गुळाची आमटी, भातावर लिंबाची फोड, उन्हाळ्यात कैरीचा तक्कू. या आंबटगोडाने माझी भूक टिकवून धरली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य घटते आणि त्याच्या भरपाईसाठी लेव्होडोपा देतात, हे बहुतेक रुग्णांना ठाऊक असते. परंतु लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल असल्यामुळे, डाळी, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने पचून जी अमिनो आम्ले सुटतात, त्यांतील कित्येकांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी जो दरवाजा आहे तोच यालाही आहे, आणि तेथे गर्दी झाली की औषध बाहेर ताटकळते, ही बाब फारशी कुणी समजावून सांगत नाही. दुपारी घट्ट वरण, मटकीची उसळ आणि वाटीभर दही असा बेत असला की तिसऱ्या प्रहरी माझी पावले जमिनीला खिळत आणि सदऱ्याची गुंडी लागत नसे. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदारी करून निवृत्त झाल्यामुळे मुदत आणि क्रम यांचे महत्त्व मला नवे नव्हते. जेवणापूर्वी अर्धा तास, अथवा जेवणानंतर निदान एक तासाने, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्यावयाची. लोहाची गोळी असेल तर दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावयाचे. आणि प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीकडे वळवावयाचा, अशी तजवीज डॉक्टरांच्या संमतीने मुक्रर झाली. दुपारी भाकरी, पालेभाजी, भात व सार. आमटी, उसळ, पनीर हे सारे रात्री. आमच्या आक्काला हा व्यवहार उफराटा वाटला. “रात्री कडधान्य आणि दही? अरे, बाधेल तुला!” असे ती कळवळून म्हणाली, आणि रात्रीचे जेवण हलके असावे हा तिच्या पिढीचा दंडक पाहता ते स्वाभाविकच होते. दुपारी मी कुणाच्या आधाराविना अंगणात येरझाऱ्या घालतो हे तिने स्वतः पाहिले, तेव्हा तिची तक्रार थांबली.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. हा फेरबदल सर्वांसाठी नाही. ज्यांच्या औषधाचा अंमल दिवसातून कमीजास्त होऊ लागला आहे, त्यांनीच तो वैद्यकीय सल्ल्याने करावा. प्रथिने पुढेमागे सरकवावयाची असतात, तोडावयाची नसतात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाकाठी सुमारे पन्नास ते साठ ग्रॅम लागतातच. कवचबीजाचे चूर्ण घ्या, असेही अनेक हितचिंतक सुचवितात. खाजकुयलीच्या या बियांत लेव्होडोपाच असतो, १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो त्यांतून वेगळा काढून दाखविला होता. आणि म्हणूनच गोळ्यांच्या जोडीला ते चूर्ण डॉक्टरांना न कळविता घेणे मला गैर वाटते.

बद्धकोष्ठाचा बंदोबस्त पेरू, पपई, भिजवलेली अंजिरे आणि भरपूर पाणी यांनी बऱ्याच अंशी होतो. गिळण्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. पातळ ताकाने मला हटकून ठसका लागतो, नाचणीची दाटसर आंबील मात्र सुखाने उतरते. चिवडा आणि कोरडे पोहे वर्ज्य, भाकरी सारात कुस्करून. हनुवटी किंचित खाली घेऊन गिळावे हे मला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी शिकविले. गोळीचा अंमल चढलेला असतानाच पानावर बसले, तर हातही साथ देतो आणि घसाही.

एकादशी सोडताना मन जड झाले. आमच्या घराण्यात वारी आहे, आणि आषाढीचा उपास लहानपणापासून कधी चुकला नव्हता; पण उपाशीपोटी रक्तदाब उतरून घेरी येते, साबुदाणा घशाशी चिकटतो, आणि शेंगदाण्याच्या कुटात पुन्हा प्रथिने आहेतच. पांडुरंगाला माझी अडचण ठाऊक आहे अशी माझी श्रद्धा आहे, आणि त्या दिवशी मी मऊ भात खातो.

मला भरवावे, असा विचार घरात एकदा प्रेमापोटी निघाला होता. “बाबा, तुम्हाला त्रास होतो हो, मी भरवते,” असे सूनबाई म्हणाल्या. मी त्यांना विनंती केली की मला घास नको, वेळ द्या. तेव्हापासून उंच काठाच्या थाळीखाली ओला पंचा अंथरलेला असतो म्हणजे ती सरकत नाही, वाटी अर्धीच भरतात, चमचा जड मुठीचा असतो, आणि अन्न निवू नये म्हणून दोन हप्त्यांत वाढतात. सर्वांची पाने आटोपली तरी कुणीतरी माझ्याजवळ बसून राहते, बहुधा नातू, आणि शाळेतल्या हकिकती सांगतो; पण घास तोंडात असताना मी त्याला उत्तर देत नाही, हे त्यालाही आता कळते. गेल्या तपासणीत वजन स्थिर निघाले, सबब हाच क्रम पुढे चालू ठेवण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे.