मडक्यातला खर्ज

क्युबाच्या पूर्वेकडच्या डोंगरी मुलखात, सांतियागो-ग्वांतानामोच्या बाजूला, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ‘सोन’ नावाचं संगीत गाणाऱ्यांच्या ताफ्यात एक जण मडकं घेऊन बसायचा. स्पेनहून तेल भरून आलेलं मडकं रिकामं झालं की त्याचं वाद्य व्हायचं. गोव्यातल्या घुमटाला निदान कातडं तरी असतं. इथं नुसती फुंकर, आणि आतून उठणारा घुमारा. पुढे मडक्याची जागा धातूच्या पट्ट्या बसवलेल्या मारिंबुला नावाच्या खोक्याने घेतली, मग कॉन्ट्राबासने. आज सालसाच्या मंचावरचा विजेचा बास थेट छातीवर आदळतो. मडक्यासाठी कान पुढे न्यावा लागत असणार.

तेव्हा ताफ्यातला प्रत्येक जण वेगळा ऐकू यायचा. साधी गिटार, तिच्या शेजारी तारांच्या तीन जोड्यांचा खणखणीत ‘त्रेस’, माराकासची सळसळ, गुडघ्यांत धरलेले बोंगो. आणि क्लावे, म्हणजे टिपऱ्यांसारख्या दोन जाड, आखूड काठ्या. त्यांचे ठोके पाचच : आधी तीन मग दोन, नाहीतर आधी दोन मग तीन. बाकीच्यांनी काय हवं ते करावं, पण या पाच ठोक्यांना धरून. पूर्वार्धात गायक निवांत कहाणी सांगणार. मग ‘मोंतुनो’ हा उत्तरार्ध सुरू झाला की तो जागच्या जागी ओळी जुळवणार आणि बाकीचे झील धरणार. पोवाडा ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हवानात 1920 मध्ये सेक्स्तेतो आबानेरो हा ताफा उभा राहिला. 1927 मध्ये इग्नासियो पिन्येइरोंचा सेप्तेतो नासियोनाल आला आणि या संगीतात ट्रम्पेट रुळला. तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. आज तोच ट्रम्पेट ऐकून आपण ‘अहाहा, जुना क्युबा!’ म्हणतो.

चाळीसच्या दशकात आर्सेनियो रोद्रिगेस या दृष्टिहीन त्रेसवादकाने पियानो, कोंगा आणि एकाहून जास्त ट्रम्पेट आत घेतले. घर भरलं, पण गोंगाट झाला नाही. आजच्या सालसाचा सांगाडा तिथेच तयार झाला, असं मी मानतो. आर्सेनियो पुढे अमेरिकेत गेला आणि 1970 च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये वारला. त्यानंतर आठच महिन्यांनी न्यूयॉर्कच्या चीता क्लबमध्ये फानिया या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या कलावंतांनी तुफान गर्दीत जी मैफल गाजवली, तिच्या तळाशी त्याचाच ठेका होता. क्युबावर अमेरिकेची व्यापारबंदी. माल तिथला, लेबल न्यूयॉर्कचं : सालसा, म्हणजे तोंडी लावायची चटणी. वादक तितो पुएंते तर म्हणायचे की सालसा मी खातो, वाजवत नाही.

मी या सगळ्यात शिरलो तो उलट्या वाटेने. 1999 साली मित्राने ‘बुएना विस्ता सोशल क्लब’ ही क्युबातल्या जुन्या कलावंतांची सीडी दिली. 1996 मध्ये हवानात ती ध्वनिमुद्रित झाली तेव्हा कोंपाय सेगुंदो अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. इब्राहिम फेरेर बूटपॉलिश करून चार पैसे मिळवत होते. रुबेन गोन्सालेस यांच्या घरी पियानोच नव्हता. मी रडलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण त्या वर्षांत हवानातली पोरं ‘तिम्बा’ नावाच्या संगीताच्या दणदणाटावर नाचत होती. या म्हाताऱ्यांची आठवण आधी परदेशातल्या आमच्यासारख्यांना झाली.

गेल्या महिन्यात भाची घरी आली. पुण्यात सालसाच्या क्लासला जाते. ‘एक-दोन-तीन, पाच-सहा-सात’ म्हणत स्वयंपाकघरातही पावलं टाकते. चार आणि आठला गप्प. मी तिला आबानेरोचं जुनं, खरखरीत ध्वनिमुद्रण ऐकवलं.

‘‘मामा, यावर नाचायचं कसं?’’ म्हणाली. मग मोबाइल कानाशी नेला.

‘‘आणि मागे ते ठकठक काय वाजतंय?’’