लेकीच्या अंगणातली घोड्यांची शाळा

मैत्रिणींनो, आपण लेकीकडे जातो त्या कशासाठी? बाळंतपणासाठी, नातवंडांसाठी, नाहीतर चार दिवस विसाव्यासाठी. मी २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेला निघाले ती मात्र मनात एक बेत ठेवून. लेकीला तिचे दोन्ही घोडे विकायला लावायचे! आदल्या ऑक्टोबरात ती घोड्यावरून पडली, खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि आम्हांला ते कळलं तीन आठवड्यांनी. तेही जावयांच्या तोंडून! तेव्हापासून अवेळी फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं.

लेक राहते कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला, लाँगमाँट गावाबाहेर. समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवरचा सपाट माळ, शेतांच्या कडेने पाटाचं पाणी, पाटाकाठी कॉटनवुडची उंच झाडं आणि पश्चिमेला रॉकी पर्वताची रांग. त्यात १४,२५९ फूट उंचीचं लाँग्ज शिखर उठून दिसतं. हवा इतकी कोरडी की धुणं बघता बघता वाळतं, आणि ओठसुद्धा! पाणी ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तिकडे जाणार असाल तर कुकर विसरू नका, बरं का.

पोचल्या दिवशीच लेक म्हणाली, "आई, शुक्रवारपासून तीन दिवस आपल्याकडे क्लिनिक आहे."

"अगं, कोण आजारी आहे? घोडा?"

ती पोट धरधरून हसली. तिकडे घोडेस्वारीच्या शिबिराला क्लिनिक म्हणतात. अनुभवी शिक्षक गावोगाव फिरतात. कुणीतरी आपल्या जागेत त्यांना बोलावतं, आणि आसपासची मंडळी आपापले घोडे ट्रेलरमध्ये चढवून घेऊन येतात. रे हंट (१९२९–२००९) यांनी १९७० नंतरच्या दशकात अशी शिबिरं लोकप्रिय केली. त्यांचे गुरू टॉम डोरन्स (१९१०–२००३) हे ओरेगॉनकडचे, गुराढोरांत वाढलेले. घोड्याला दमवून वठणीवर आणू नये, त्याला काय वाटतंय ते आधी ओळखावं, अशी या गुरुशिष्यांची शिकवण. तिकडे पूर्वी घोडा शिकवण्याला 'घोडा मोडणं' म्हणत. आपण तरी काय, घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वारच म्हणत आलो. शब्दातच चाबूक!

अशा शिबिराचं यजमानपण म्हणजे घरात कार्यच काढलेलं. आठ स्वार, आठ घोडे आणि नुसते बघायला येणारे पंधरा-वीस जण. लेकीने फ्रिजवर यादीच लावली होती. प्रत्येक घोड्याला वेगळं कुंपण, कारण अनोळखी घोडे एकत्र सोडले की लाथाळी होते. प्रत्येक कुंपणात पाण्याची टाकी, कारण उन्हाळ्यात एकेक घोडा दिवसाला चाळीस लिटर पाणी सहज पितो. ट्रेलर वळवायला जागा हवी. भाड्याचा फिरता संडास हवा. शेजारच्या वायोमिंग राज्यातून येणाऱ्या घोड्यांच्या रक्ततपासणीचे आणि पशुवैद्याचे दाखले तपासायला हवेत. शिवाय रोज घोड्यामागे वीसेक किलो लीद उचलायची, ती वेगळीच! फाटकावर कायद्यात सांगितलेली पाटी होती. घोड्यांच्या बाबतीत जे धोके मुळातच असतात त्यातून इजा झाली, तर व्यावसायिकाला जबाबदार धरता येत नाही, अशा अर्थाची. ती वाचली आणि माझा बेत आणखी पक्का झाला.

माझ्याकडे स्वयंपाक आला. सकाळी कांदेपोहे, दुपारी छोले, पुलाव, काकडीची कोशिंबीर आणि घागरभर ताक. मिरची बेताचीच! ताकाला ती मंडळी इतकी लुब्ध झाली की दुसऱ्या दिवशी दुप्पट करावं लागलं.

शिक्षिका होत्या पासष्टीच्या, सडपातळ, हळू आवाजात बोलणाऱ्या. दुपारनंतर डोंगरावरून गडगडाटी पाऊस येतो म्हणून सकाळी आठलाच सुरुवात. पहिला वर्ग बिनदोराच्या कामाचा. साठ फूट व्यासाचं गोल कुंपण. घोड्याची मोरकी काढून टाकायची आणि आपण मध्ये उभं राहायचं. हातात दोर नाही की लगाम नाही, आणि समोर पाचशे किलोचं जनावर! घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. आपण त्याच्या खांद्याच्या मागच्या अंगाला सरकलो की तो पुढे निघतो, पुढच्या अंगाला आलो की थबकतो किंवा वळतो. सगळं बोलणं आपल्या उभं राहण्यातून.

एक बाई आपल्या तांबड्या घोड्याला बोलावत होत्या आणि तो गरगर धावत होता. बाई हात हलवताहेत, पुढे जाताहेत, पुन्हा बोलावताहेत. शिक्षिका म्हणाल्या, "त्याने मघाशी एक कान तुमच्याकडे वळवला. तो विचारत होता, एवढं पुरे का? तुम्ही हो म्हणालाच नाहीत." पुढच्या खेपेला कान वळताच बाईंनी पाठ फिरवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. घोडा थांबला. मिनिटभराने हळूहळू चालत आला आणि त्यांच्या खांद्याशी फुरफुरला. दाब सुटतो त्या क्षणी घोडा शिकतो, म्हणून दाब वेळेवर सोडणं हीच खरी विद्या, असं शिक्षिका पुन्हा पुन्हा सांगत. पण गोल कुंपणात घोड्याला पळून जायला जागाच नसते, तेव्हा तिथल्या यशाने फुशारून जाऊ नका, असंही त्यांनी बजावलं. खरी परीक्षा मोकळ्या कुरणात.

दुसरा वर्ग स्वारीचा. शनिवारी लेक त्याच तरण्या घोड्यावर बसली, ज्याच्यावरून ती पडली होती. मी चहाचं तबक घेऊन कुंपणाशी उभी. एकाएकी वारा सुटला आणि गवताच्या गंजीवरची ताडपत्री फाडकन उडाली. घोडा बिचकून बाजूला उसळला. माझ्या हातातलं तबक खाली! पण लेकीने दोन्ही लगाम ओढले नाहीत. तिने एकच लगाम हलकेच बाजूला घेतला, घोड्याची मान वळवली, त्याने लहानसा फेरा घेतला आणि तो थांबला. थांबल्याबरोबर तिने लगाम सैल सोडला आणि मानेवर थोपटलं. घाबरलेला घोडा सरळ पळाला तर आवरत नाही, मान वळली की त्याचा जोर मोडतो, हे तिने मला नंतर सांगितलं. ती पडली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं.

रविवारी संध्याकाळी शिक्षिकांनी मलाच कुरणात बोलावलं. लेकीची म्हातारी घोडी चरत होती. "या, तिला बोलवा." मी आपली जेवायला बोलवावं तशी निघाले, "ये गं, ये ये!" करत. घोडी दहा पावलं पुढे. मी मागे, ती पुढे. लांबून लेक पाहत होती आणि हसत नव्हती. शेवटी दमून मी एका जागी उभी राहिले, शिखराकडे तोंड करून. किती वेळ गेला कोण जाणे! मानेवर ऊन श्वास लागला. मी वळले नाही, हात लावला नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं.

रात्री भांडी आवरताना मी काहीच विचारलं नाही. लेक आपणहूनच म्हणाली, "आई, तेव्हा सांगितलं असतं तर तू रोज चारदा फोन केला असतास. म्हणून नाही सांगितलं." मी पातेलं घासत राहिले. खरंच होतं ते.

मैत्रिणींनो, कधी असं शिबिर बघायचा योग आला, किंवा माथेरानला घोड्यावर बसायची वेळ आली, तर एवढं लक्षात ठेवा. घोड्याच्या मागून जाऊ नका, खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असं जा. दोर हाताला गुंडाळू नका. टाच असलेले बंद बूट घाला, डोक्यावर हेल्मेट हवंच. भीती वाटली की लगाम गच्च धरावासा वाटतो, त्याच वेळी जरा सैल करा.

घोडे विकायचा बेत मी बॅगेत तसाच परत आणला. भीती गेली म्हणाल, तर नाही. परवाच लेकीचा फोन आला, "आई, आज पडले गं. लागलं नाही काही." छातीत धस्स झालंच. पण कळलं ते त्याच दिवशी!