गुलाबी मेणबत्ती

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी आमच्या वसईतल्या देवळात वेदीशेजारची गुलाबी मेणबत्ती पेटते. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या असतात. तीन जांभळ्या, आणि ही एकटीच गुलाबी. हा आनंदाचा रविवार. तो दरवर्षी ११ ते १७ डिसेंबरच्या दरम्यान येतो, म्हणजे नेमका घरात कशाचा कशाला पत्ता नसतो तेव्हा. अर्धी भिंत रंगवून व्हायची असते, शिंप्याकडून कपडे आलेले नसतात, करंज्यांसाठी नारळ खोवायचे असतात आणि पाहुण्यांच्या गाद्या गच्चीवर उन्हं खात पडलेल्या असतात. आणि अशा वेळी ख्रिस्तसभा सांगते, आनंद करा! सगळं आवरल्यावर करू म्हणू नका, आत्ता करा.

मला हा रविवार फार मोलाचा वाटतो. नाताळचा आनंद आपल्या तयारीवर अवलंबून असता, तर तो पंचवीस तारखेच्या आधी कुणालाच मिळाला नसता, आणि दमलेल्या आयाबायांना तर त्या दिवशीही नाही. पण प्रभू येतो आहे, हेच आनंदाचं कारण. फिलिप्पैकरांना आनंद करा असं पुन्हा पुन्हा लिहिणारा संत पौल तेव्हा बंदिवासात होता. त्याच्या हातात साखळदंड होते, सुटकेची खात्री नव्हती. तरी पत्रभर आनंद ओसंडतो, कारण त्याने तो परिस्थितीच्या हवाली केलाच नव्हता.

म्हणून मला आगमनकाळाची शिस्तही आवडते. या चारही रविवारी मिस्सेत गौरवगीत गात नाहीत. बेथलेहेमच्या रानात देवदूतांनी केलेली ती स्तुती ख्रिस्तसभा ओठांवर अडवून धरते. चोवीसच्या रात्री घंटा वाजू लागतात, पेटी-तबल्याचा सूर चढतो आणि तेच गीत सगळ्या देवळातून एकदम उसळतं. थांबायला शिकलेल्या माणसालाच त्या क्षणाची गोडी कळते.

गोठ्याचंही तसंच. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. ख्रिस्त किती गरिबीत जन्मला हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्यांचा हेतू. आमच्याकडे आळीतली पोरं बांबू, पेंढा आणि माती गोळा करून गोठा रचतात. ताटलीत मातीचा पातळ थर देऊन त्यावर नाचणी पेरतात आणि रोज हाताने पाणी शिंपडतात. आठ-दहा दिवसांत बोटभर उंचीचं पोपटी गवत उभं राहतं. तेच बेथलेहेमचं कुरण. मरिया बसते, योसेफ काठी धरून उभा राहतो, मेंढ्या जागेवर येतात, तारा लागतो, दिव्यांच्या माळा लुकलुकतात. गव्हाण मात्र रिकामीच. मध्यरात्रीपर्यंत तिच्यात बाळ ठेवायचं नाही. मी पुष्कळदा त्या रिकाम्या गव्हाणीकडे बघत बसतो. सगळी सजावट तिच्याभोवती आहे. तीच रिकामी राहिली तर बाकीचं सारं नुसतं मातीकाम.

ख्रिस्तजन्माची पहिली वार्ता कुणाला मिळाली, हे संत लूकने नीट नोंदवून ठेवलं आहे. रात्री कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांना. ज्यांना सुट्टी नव्हती, त्यांना! त्यामुळे नाताळच्या रात्री रुग्णालयात पाळी करणारी नर्स, एसटी चालवणारा भाऊ, तान्ह्या बाळापायी मिस्सा चुकलेली आई, यांच्याही वाट्याला हा आनंद पुरेपूर येतो. तो दुःखाला बिचकत नाही. पंचवीसच्या दुसऱ्याच दिवशी आपण पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचा सण पाळतो आणि २८ डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचं स्मरण करतो. आमच्या आळीत ज्या घरातलं माणूस यंदा गेलं, तिथे तळण होत नाही. मग शेजारीपाजारी ताटं भरून नेतात, घटकाभर बसतात, रोजरी म्हणतात. अशा घरात मला ख्रिस्त फार जवळ वाटला आहे.

हा आनंद आपल्या मराठीने कधीचाच आपला मानला आहे. इंग्लंडातून आलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात राहिले आणि त्यांनी ख्रिस्तचरित्र ओवीत गुंफलं. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला भजनात आणि अभंगात आळवलं. ही भजनं आपल्या घरात आहेत, तोंडपाठ आहेत. डिसेंबरभर स्पीकरवर गाणी लागतात, ती लागोत. पण आपल्या गळ्यातून निघालेल्या भजनाने घर जसं भरतं, तसं कशानेच भरत नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. यंदा नाताळच्या आधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना गोठ्याजवळ बोलवा. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. एक भजन म्हणा. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याला त्याच रात्री फोन करा. ख्रिस्ताला आधी जागा द्या. बाकीची कामं मागून होतील.