घरची होडी, दारची कृष्णा

पुण्यातला कुठलाही आयटीवाला आयुष्यात एकदा तरी वासोट्याला जातोच. आम्हीही गेलो. साताऱ्यात मिसळ हाणली, कासचं पठार मागे टाकलं आणि बामणोलीत उतरलो. पुढे शिवसागर जलाशय. १९६४ मध्ये कोयना धरण पूर्ण झालं, खोऱ्यातल्या कितीतरी वाटा पाण्याखाली गेल्या आणि काठावरच्या गावांची लाँच हीच एसटी झाली.

आम्ही तेरा जण. लाँचवाल्याने बारा मोजले आणि हात आडवा केला.

‘‘अहो, जागा तर आहे!’’

‘‘जागा हाय. पण तेरावा बसला तर मी नाय.’’

दुसऱ्या लाँचचे पैसे मोजून, भरपूर चरफडत आम्ही निघालो. येताना मात्र त्याने भर पाण्यात मिनिटभर इंजिन बंद केलं. अचानक शांतता, चेहऱ्यावर गार वारा आणि लाँच आपोआप सरकतेय. बस्स! तिथेच डोक्यात किडा वळवळला. इंजिनाशिवाय, फक्त वाऱ्यावर जायचं. आणि तेही आपण स्वतः बांधलेल्या होडीतून.

सोमवारी ऑफिसमध्ये एक्सेल मिनिमाइझ करून शोधाशोध सुरू केली. कळलं की हा वेडेपणा जगाने आधीच करून ठेवलाय. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही चिमुकली शिडाची होडी बनवली. प्लायचा तक्ता आठ फुटी, म्हणून होडीही आठ फुटांच्या आत. नाक टोकदार नाही, चक्क चपटं! १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘मिरर’ आली. तिची तर आयडियाच भन्नाट. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांधे रेझिनने भरायचे. सुतारकाम न येणाऱ्यांनी घरच्या गॅरेजमध्ये अशा हजारो होड्या बांधल्या.

आमच्याकडे गॅरेज कुठलं? पुण्यातल्या वन बीएचकेच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच जेमतेम मावतं. पण सांगलीत काकांचं जुनं घर आहे. गावभागात, मागे फरशीचं अंगण, आणि कृष्णा चालत पाच मिनिटांवर. शुक्रवारी रात्री हायवे पकडला, पेठ नाक्याला डावीकडे वळले आणि सकाळी चहाबरोबर विषय काढला.

‘‘होडी?’’ काकांनी कप खाली ठेवला. ‘‘या घरात?’’

त्यांच्या आवाजातला कडवटपणा कळायला सांगलीकर असावं लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे लोक ‘काय म्हणताय’ विचारत नाहीत, ‘आयर्विन किती?’ विचारतात. १९२९ च्या या दगडी पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, यावर अख्खं शहर झोपतं किंवा जागं राहतं. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तळमजला बुडाला. मी पुण्यात फोनला चिकटून, सांगलीकडे यायचे रस्ते बंद.

तिसऱ्या दिवशी गॅलरीखाली नाव आली. नावाड्याने काकूला घेतलं, शेजारची मुलं घेतली आणि काकांना म्हणाला, ‘‘तुम्ही दुसऱ्या फेरीला.’’ ती फेरी दोन तासांनी आली. दोन तास काका एकटे गॅलरीत, खाली घरातून वाहणारी नदी. तेव्हापासून दर दिवाळीला आम्ही तेच ऐकतो, ‘‘जागा होती. तरी सोडून गेला मला.’’

तरीही त्यांनी अंगण दिलं. ‘‘बांध. पण नाव बांधणं हे कोकणातल्या लोकांचं काम. आपण घाटावरचे.’’

मग मी त्यांना ‘म्हादेई’ची गोष्ट सांगितली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ती ५६ फुटी शिडाची नौका तयार झाली. सीडर लाकडाच्या पट्ट्यांचं अंग, वर फायबरग्लास. बांधणी चालू असताना नौदलातले दिलीप दोंदे तिथे स्वतः राबत होते. ऑगस्ट २००९ मध्ये तीच नौका घेऊन ते मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला शिडावर चक्कर मारून मे २०१० मध्ये परतले. असं करणारे पहिले भारतीय!

‘‘हं,’’ काका म्हणाले. ‘‘तुला सरकारी घाटापर्यंत पोचता आलं तरी पुष्कळ.’’

अकरा वीकएंड लागले. सहा एमएमचा मरीन प्लाय, त्यावर ‘आयएस ७१०’ चा शिक्का बघून घेतलेला. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून. कडेला भोकं पाडायची, गोधडीला टाके घालावेत तशी तार ओवायची आणि पक्कडने पिळायची. सपाट पडलेला प्लाय फुगून उठतो आणि समोर होडी दिसायला लागते. माझ्या सगळ्या अप्रेझल्सपेक्षा हा क्षण भारी होता, शपथ!

मग इपॉक्सी. त्यात लाकडाचा भुसा कालवून लांबी करायची आणि सांधे भरायचे. मी हुशारीने एकदम मगभर कालवलं. पाच मिनिटांत मग तापला, धूर निघाला आणि आत दगड तयार. खोल भांड्यात रेझिनची उष्णता कोंडते आणि ते स्वतःलाच शिजवतं. नंतर पसरट ताटलीत, थोडं थोडं.

मदतीला आलेले मिस्त्री चपटं नाक बघून म्हणाले, ‘‘ही होडी न्हाई, काथवट हाय. आमचा आजा गुळाच्या काहिलीत बसून नदी वलांडायचा, त्यातली गत.’’ झालं, नाव ठरलं. ‘काथवट’. बुरुडाकडच्या बांबूची डोलकाठी, ताडपत्रीचं शीड आणि सीटखाली थर्मोकोलचे ठोकळे, म्हणजे उलटली तरी बुडणार नाही.

मार्चमधल्या एका रविवारी काथवट हातगाड्यावरून सरकारी घाटावर पोचली. मी उडी मारायच्या बेतात असताना काका म्हणाले, ‘‘थांब. आधी वजन.’’ त्यांनी पोत्यांत वाळू भरून, काट्यावर पन्नास-पन्नास किलो तोलून आणली होती. पायरीवर फूटपट्टी घेऊन बसले.

पहिलं पोतं ठेवलं. होडी एक इंच खाली गेली. दुसरं ठेवलं, दोन इंच. गणित सोपं आहे. पाण्याला टेकलेला तळ साधारण वीस चौरस फुटांचा. त्यावरचा एक इंच पाण्याचा थर म्हणजे सत्तेचाळीस लिटर. सत्तेचाळीस किलोला एक इंच, एवढंच. पाचवं पोतं ठेवलं तेव्हाही काठ पाण्याच्या चांगलाच वर होता.

‘‘बघा, अजून जागा आहे!’’ मी म्हटलं.

काकांनी काही न बोलता एका काठावर हात ठेवून हलकंच दाबलं, माणूस घाबरून एका बाजूला सरकतो तेवढंच. काठ पाण्याला टेकला. पाणी आत आलं, आत आलेलं पाणी त्याच बाजूला धावलं आणि होडी अजून कलली. पोती तिथल्या तिथे नदीत.

आम्ही दोघंही गप्प. काका २०१९ मध्ये होते की अजून कुठे, मी विचारलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ब्रह्मनाळ आलं. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या त्या गावात माणसांना बाहेर काढणारी भरलेली नाव उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्या नावेतही ‘अजून एक बसेल’ असं कुणालातरी वाटलंच असणार.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, ‘‘त्याचं बरोबर होतं.’’

‘‘कुणाचं?’’

‘‘नावाड्याचं. जागा बसायला होती. हलायला नव्हती.’’

मला बामणोलीचा लाँचवाला आठवला आणि मनातल्या मनात मी त्याला सॉरी म्हटलं.

पुढच्या रविवारी काथवटवर तांबडी रेघ आली, बरोबर दोन माणसांच्या वजनाला. काकांनी स्वतः रंगवली. सकाळी वारा नव्हता, शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. मग दुपारी आयर्विनच्या बाजूने एक झुळूक आली, ताडपत्री फडफडली, फुगली आणि माझ्या हातची होडी कृष्णेवर चालायला लागली. फार नाही, दोनेकशे मीटर. काका समोर बसून पाण्यात बोटं बुडवत होते.

काठाला लागलो तर काकू लाइफ जॅकेट घालून तयार. ‘‘मी पण येणार. सरका थोडे, होते की जागा.’’

काकांनी हात आडवा केला. ‘‘दोनच. मी उतरतो, दुसऱ्या फेरीला येईन.’’

तुम्हालाही किडा वळवळतोय?

• पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट हवंच. नो एक्सक्यूज.
• इपॉक्सी हाताळताना ग्लोव्हज घाला, काम मोकळ्या हवेत करा.
• पाण्यात नेण्याआधी वाळूची पोती ठेवून बघा आणि रेघ मारा.
• नदीत उतरण्याआधी स्थानिक परवानगीची चौकशी करा. पावसाळ्यात तर नावच काढू नका.
• वासोटा अभयारण्यात आहे. वनखात्याची परवानगी घ्या आणि लाँचवाल्याशी माणसांच्या आकड्यावरून घासाघीस करू नका.