कोळसा फुलेपर्यंत

वनखात्यातल्या माणसाच्या लेखी कोळसा हे इंधन नसते, ते ‘वनोपज’ असते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात काही वस्तू अशा सांगितल्या आहेत की त्या जंगलातून आलेल्या असोत वा नसोत, वनोपजच समजावयाच्या. त्या यादीत इमारती लाकडाच्या पाठोपाठ लोणारी कोळशाचे नाव येते. मध्य प्रदेश शासनाच्या वनविभागात आमच्या नोकरीची सारी वर्षे गेली. नाक्यावर ट्रक थांबवावा, ताडपत्री उचलावी, पोती मोजावीत आणि वाहतूक परवान्यावरील आकड्यांशी ताडून पाहावीत, हे आम्ही इतक्यांदा केले आहे की कोळशाचे पोते दिसले की कागद मागण्यासाठी हात आजही आपोआप पुढे होतो. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे शिकागोच्या एका उपनगरात गेलो असता, किराणा मालाच्या दुकानाच्या दाराशी कोळशाच्या पिशव्यांची पुरुषभर उंचीची थप्पी पाहून जागीच थबकलो. राखण नाही, परवाना नाही.

“बाबा, मेमोरिअल डे जवळ आला ना, म्हणून,” चिरंजीवांनी खुलासा केला.

आपल्या मंडळाच्या अनेक सभासदांची मुले तिकडे स्थायिक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. अमेरिकेतला उन्हाळा पंचांगाने ठरत नाही, सोमवारांनी ठरतो. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ मेमोरिअल डे. तेथून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, म्हणजे १८९४ पासून राष्ट्रीय सुटी असलेल्या श्रमिक दिनापर्यंत, त्यांचा उन्हाळा. मध्यभागी चार जुलैचा स्वातंत्र्यदिन. या प्रत्येक दिवशी दुपार कलली की घराघराच्या परसातून कोळशाचा निळसर धूर वर चढू लागतो. सहा-सहा महिने खिडकीच्या काचेतून बर्फ पाहणाऱ्या माणसांना उघड्यावर रांधण्याची ओढ वाटावी, हे समजण्यासारखे आहे. आपल्या मालव्यातही श्रावणसरी ओसरल्या की कुठे तळ्याकाठी कंडे पेटवून बाफले भाजायला मंडळी निघतातच की!

चिरंजीवांकडे गॅसचे ग्रिल आहे. खटका फिरविला की ज्योत हजर. आम्हांस ते स्वयंपाकघरातील शेगडी बाहेर आणून ठेवल्यासारखे वाटले. खरे ग्रिल शेजारच्या गृहस्थांचे. ते टपालखात्यातून निवृत्त झालेले, वयाने आमच्याहून आठ-दहा वर्षांनी वडील. त्यांच्याकडे काळ्या मुलाम्याची, तीन पायांवर उभी राहणारी, घुमटासारख्या झाकणाची लोखंडी कढई होती. पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात ते कोळसा भरीत, खाली वर्तमानपत्राचा बोळा पेटवीत, आणि मग खुर्ची टाकून बसत. वीस-पंचवीस मिनिटे काहीही करायचे नसे. कोळसा फुलून त्याच्या कडांवर पांढरी राख धरेपर्यंत त्यावर मांस ठेवायचे नाही, हा दंडक. पाहुणे येत, गारेगार बाटल्या उघडत, मुले पाण्याच्या फवाऱ्यात भिजत, आणि सगळ्यांचे लक्ष अधूनमधून त्या नळकांड्याकडे जाई. आमच्या मते उत्सव म्हणतात तो हाच. पुढचे खाणे दहा मिनिटांत आटोपते.

पहिल्याच दिवशी आम्ही एक कोळसा हातात घेऊन नखाने वाजवून पाहिला. उत्तम भाजलेल्या लोणारी कोळशाचा काशासारखा टणत्कार होतो. भट्टीवर आम्ही असाच पारखीत असू. हा मात्र बोललाच नाही. कारण तो कोळसा नव्हे, कोळशाची वडी होती. लाकडाच्या कोळशाची भुकटी, बांधणीसाठी पिष्ट, जोडीला थोडा दगडी कोळसा आणि राख पांढरीशुभ्र दिसावी म्हणून चुनखडी, असा हा मसाला लहानशा उशीच्या आकारात दाबून काढलेला असतो. अशा वडीचे एक पेटंट १८९७ साली पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर यांनी घेतले होते. परंतु ती घरोघरी पोहोचविली मोटारवाल्या हेन्री फोर्ड यांनी. त्यांच्या ‘मॉडेल टी’ गाडीत लाकूड पुष्कळ लागे. म्हणून १९२० च्या सुमारास मिशिगनच्या उत्तर भागात, आयर्न माउंटनजवळ त्यांनी जंगल खरेदी केले आणि लाकूड कापण्याचा कारखाना घातला. या कामी त्यांच्या चुलत बहिणीचे यजमान एडवर्ड किंग्जफर्ड यांचे साहाय्य झाले. कारखान्यात ढलप्यांचे आणि भुशाचे डोंगर साचू लागले. फोर्ड यांना नासाडी खपत नसे; त्यांनी त्याच्या वड्या पाडल्या आणि मोटारींच्याच दुकानांतून विकायला ठेवल्या. पुढे १९५१ साली तो उद्योग दुसऱ्यांच्या हाती गेला आणि त्याला किंग्जफर्ड यांचे नाव मिळाले. आजही बहुतेक पिशव्यांवर तेच असते.

आम्हांला या माणसाचा हेवा वाटला. चार-पाच मण लाकूड जाळावे तेव्हा मातीच्या भट्टीतून जेमतेम मणभर कोळसा हाती येतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला भुशाचे मोल कळते.

झाकणाची गोष्ट आणखी मजेची. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ नोकरीस होते. तेथे पाण्यावर तरंगणारे, जहाजांना वाट दाखविणारे धातूचे पोकळ गोळे तयार होत. परसातल्या उघड्या शेगडीवर वाऱ्याने राख उडते, पावसाने निखारा विझतो, याला कंटाळून स्टीफन यांनी तसा एक गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचे झाकण केले. हवा खेळण्यासाठी भोके ठेवली. महायुद्धानंतर शहराबाहेर नवी घरे धडाधड उठत होती, प्रत्येकामागे हिरवळीचा तुकडा होता, त्यामुळे ही कढई चालली. शेजाऱ्यांनी ती उघडून दाखविली तेव्हा आम्ही त्यांना म्हटले की ही तर आमची कोळशाची भट्टी आहे! आमच्याकडेही लाकडाच्या राशीवर पाला आणि माती लिंपतात, छिद्रे ठेवतात, आणि ती छिद्रे उघडीत-बुजवीत भट्टीवाला आठ-आठ दिवस आगीला आवरून धरतो. छिद्र उघडे राहिले तर लाकडाची राख होते. शेजाऱ्यांनी हे ऐकून मान डोलाविली आणि खालची झडप किंचित मिटली.

त्यांचे थोरले बंधू व्हिएतनामच्या युद्धात गेले. मेमोरिअल डेच्या सकाळी ते दफनभूमीत जाऊन लहानसा ध्वज रोवून आले होते, आणि दुपारी परसात कोळसा पेटवीत होते. आमच्या मनात आले, हा शोकाचा दिवस की सुटीचा? सौभाग्यवतींनी मात्र आम्हांस लगेच गप्प केले. “अहो, आपल्याकडे श्राद्धाला नाही का वड्या, खीर करीत? गेलेल्याच्या नावानेच जेवायचे असते.” थोड्या वेळाने आमच्या नजरेस आले की जाळीच्या एका कडेला एक सॉसेज कुणी हलवीत नाही. ते काळेठिक्कर पडले. सगळ्यांची जेवणे होत आल्यावर शेजाऱ्यांनी ते स्वतःच्या ताटलीत घेतले आणि म्हणाले, माझ्या भावाला असेच जळके लागे. कुणी काही बोलले नाही. बहुधा दरवर्षीच असे घडत असावे.

आम्ही शाकाहारी, हे त्यांनी आधीच विचारून ठेवले होते. जाळी त्यांनी तारेच्या ब्रशाने आमच्यादेखत घासली, निम्म्या भागावर ॲल्युमिनियमचा कागद अंथरला, आणि त्यावर मक्याची कणसे, बटाटे, सिमला मिरच्या मांडल्या. कोणाचा विस्तव कोणाला चालतो, याचे हिशेब आपल्याकडे फार बारीक होते. तिकडचा इतिहासही निर्मळ नाही. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांचा, स्पॅनिश भाषेतून आलेला. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७६९ च्या रोजनिशीतही अशा मेजवानीची नोंद आहे. पण दक्षिणेत या मेजवान्यांसाठी रात्रभर खड्डे पेटते ठेवायचे, मांस भाजायचे, हे काम बहुतकरून गुलाम कृष्णवर्णीयांच्या अंगावर असे. कला त्यांची, पंगत दुसऱ्यांची. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे त्यांना मुक्तीची वार्ता कळली. त्या दिवसाची आठवण त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या निखाऱ्यावरच्या जेवणानेच साजरी करीत आले, आणि २०२१ पासून ती राष्ट्रीय सुटी झाली आहे.

मराठी मंडळींच्या उन्हाळी सहलीलाही आम्ही जाऊन आलो. ती कुक परगण्याच्या राखीव वनात होती. तेथे झाडाखाली खांबावर बसविलेली सरकारी ग्रिले आहेत आणि जळते कोळसे टाकण्यासाठी वेगळी पिंपेही. राखीव वनात विस्तव पेटविणे हा आपल्या अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा! आम्ही मुकाट्याने कणीस खाल्ले.

आता चार जुलैची हकीकत. चिरंजीवांचे घर शाकाहारी. आमच्या घराण्यात याला आजवर अपवाद नाही. नातू नऊ वर्षांचा, जन्म तिकडचाच. शेजाऱ्यांची नातवंडे पावात हॉटडॉग घालून हिरवळीवर बसली होती, आणि आमचा नातू त्यांच्याशेजारी कणीस घेऊन. थोड्या वेळाने तो बापाजवळ आला.

“बाबा, मी एक खाऊ?”

चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले. सूनबाई कागदी ताटल्या आवरू लागल्या. एखादी फाईल सर्व टेबले फिरून अखेर निर्णयासाठी आमच्यापुढे यावी, तशी ती वेळ होती. आम्ही काय बोलणार होतो? मनात एकाच वेळी देवघर आले, आमच्या मातोश्री आल्या, आणि त्या मुलांच्या रांगेत मोकळी राहिलेली नातवाची जागाही दिसत होती. त्याला आज नाही म्हटले असते तर तो ऐकता. परंतु आम्ही ऑक्टोबरात परत जाणार होतो, आणि त्याला त्या गल्लीत मोठे व्हायचे होते. हे सारे मनात जुळेपर्यंत सौभाग्यवती पुढे झाल्या. शेजाऱ्यांनी चिमट्याने उचललेला हॉटडॉग पावासकट ताटलीत घेऊन त्यांनी नातवाच्या हाती दिला.

“आधी फुंकर घाल. तोंड भाजेल,” एवढेच त्या म्हणाल्या.

ज्या बाईने लसणाचे भांडेदेखील देवघराच्या बाजूला कधी येऊ दिले नाही, तिचा तो हात आम्ही पाहिला. मुलाने अर्धा खाल्ला आणि अर्धा टाकला. त्याला कणीसच अधिक आवडले असावे, किंवा आम्ही पाहत आहोत हे त्याला कळले असावे. घरी परतल्यावर कुणीही तो विषय काढला नाही. सौभाग्यवतींनी रात्री नेहमीप्रमाणे दिवा लावला. नातू शेजारी बसला आणि त्याने नेहमीप्रमाणे मधल्या दोन ओळी गाळून शुभंकरोति म्हटले.

श्रमिक दिनाला शेजाऱ्यांच्या गुडघ्याने उचल खाल्ली होती, म्हणून नळकांडे पेटविण्याचे काम आमच्याकडे आले. मागच्या खेपेला झडपा मिटून विझविलेले अर्धे कोळसे त्यांनी जपून ठेवले होते, ते आधी घातले, वर नवे. ही काटकसर आम्हांस मनापासून आवडली. निखारे कढईत ओतून जाळी ठेवल्यावर नातवाने विचारले की झाले हे कसे ओळखायचे? आम्ही त्याला तळहात जाळीच्या वीतभर वर धरून मोजायला सांगितले. दोन-तीन म्हणेपर्यंत हात काढावा लागला तर विस्तव तयार. तो मराठीत मोजू लागला. एक, दोन, तीन, चार, पाच... हात तसाच होता.

“अजून थांबायचं,” त्याने खुर्चीतल्या शेजाऱ्यांना इंग्रजीत कळविले, आणि खालची झडप थोडी उघडली.